फोटोतले तुडतुडे

नागपूरच्या नंदनवन भागातल्या गोपाळराव भोयरांच्या मते जगात दोनच प्रकारची बेजबाबदार माणसं होती. एक, ग्रंथालयाचं पुस्तक परत न करणारी. दुसरी, आलेल्या पत्राला उत्तर न देणारी. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढल्यामुळे पहिल्या प्रकाराशी त्यांची चांगली ओळख होती. दुसऱ्या प्रकारात आपलंच नाव लागेल, हे मात्र त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्र्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात त्यांना एक अंतर्देशीय पत्र आलं. लिहिणारे होते चंपतराव, म्हणजे त्यांच्या पत्नी इंदूबाईंचे धाकटे भाऊ, कुहीजवळच्या एका खेड्यात धानाची शेती करणारे. पत्रात प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर एका ओळीत मावणारं होतं. गोपाळरावांनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, एका पुस्तकात खूण म्हणून ठेवलं आणि तीन आठवडे त्याला उत्तर दिलं नाही. तेवढ्या दिवसांत एका भल्या शेतकऱ्याचं धान पीठ सांडल्यासारखं पांढरं झालं, पीकस्पर्धेची समिती एका धोतरावरून वाद घालत बसली आणि इंदूबाईंचा स्टोव्हला पंप मारतानाचा फोटो अर्ध्या गावानं पाहिला.

पण गोष्ट पत्रापासून सांगितली तर काही समजायचं नाही. खुद्द गोपाळरावांनाही समजत नव्हतं. तेव्हा आधी फोटो.

सप्टेंबरच्या शेवटी चंपतराव पिशवीभर वांगी घेऊन नागपूरला आले होते. चहा पिता पिता म्हणाले, "बाई, औंदा पीकस्पर्धेत नाव टाकून राहिलो."

"मागच्या सालीबी टाकलं होतं नं गा?" इंदूबाईंनी विचारलं.

"मागच्या साली देवाजी पहिला आला. त्याच्या आधल्या सालीबी देवाजीच. एकाच धुऱ्याच्या इकडं मी, तिकडं तो. माती तेच, पाणी तेच. पहिल्या नंबराले सर्टिफिकीट अन् फवाऱ्याचा पंप भेटते. त्याच्यापाशी आता दोन पंप झाले. माह्यापाशी एकबी नाही. फवाराचं असलं का त्यालेच मांगा लागते. देते बापा, नाही म्हणत नाही. पण ते दोन सर्टिफिकिटं ओसरीत लटकवले आहेत नं, त्याच्याखाली उभा राहून देते."

हे सांगताना चंपतरावांनी बशी अशी खाली ठेवली की प्रश्न पंपाचा नाही हे कोणालाही कळावं.

"औंदा मात्र धान पाहा लागते, भाऊजी. मी आत उभा राहिलो तं माही कंबर दिसत नाही. अर्जासोबत फोटो जोडा लागते, उभ्या पिकात उभा शेतकरी. कुहीवरून फोटोवाला आणतो म्हणतो."

तेव्हा गोपाळराव म्हणाले, "फोटोवाला कशाला? मी काढतो."

इंदूबाईंचा विळीवरचा हात थांबला. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून 'मी करतो' हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. आजवर त्यांनी 'पाहू', 'विचारून सांगतो' आणि 'माझ्यानं होईलसं वाटत नाही' एवढंच ऐकलं होतं.

या धाडसामागे कॅमेरा होता. निवृत्त होणाऱ्याला शाळा भिंतीवरचं घड्याळ देत असे, पण भोयर सरांकडे घड्याळ आहे असं कोणीतरी सांगितल्यामुळे गोपाळरावांना कॅमेरा मिळाला. छोटासा, सदऱ्याच्या खिशात मावणारा. दोन वर्षांत त्यांनी कॅमेऱ्यावरची चार पुस्तकं वाचली होती आणि नऊ फोटो काढले होते. त्यांतल्या पाचांत त्यांचं बोट आलं होतं. पण सिद्धांत पक्का होता.

ठरल्या दिवशी ते बसनं गेले आणि बारा वाजता शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हजर झाले. ऊन लख्ख होतं. धान खरंच असं होतं की पाहणाऱ्यानं पोटावर हात फिरवावा. चंपतराव दाढी करून, पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी नीट करून धानात उभे राहिले.

गोपाळरावांनी पिशवीतून पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की दुपारचं कडक ऊन टाळावं, चेहऱ्यावर काळ्या सावल्या पडतात. संध्याकाळच्या मऊ उजेडाची वाट पाहावी.

"बाहेर या, चंपतराव. संध्याकाळी काढू."

"आता काय झालं, भाऊजी? दिसून तं राहिलो मी."

"उजेड फार आहे."

चंपतरावांना वाटत होतं की फोटोला उजेड लागतो. पण समोर पुस्तक होतं, आणि पुस्तक हातात असलेल्या भाऊजींशी वाद घालायची त्यांच्या घरात रीत नव्हती. ते बाहेर आले, जेवले, धोतर चुरगळू नये म्हणून दुपारभर भिंतीला टेकून उभे राहिले, आणि साडेपाचला पुन्हा धानात शिरले.

ते पुस्तक ज्या देशात लिहिलं गेलं तिथं संध्याकाळ बहुतेक तीन तास चालत असावी. कुहीकडे ती कोणीतरी कंदिलाची वात खाली केल्यासारखी येते. गोपाळराव जागा ठरवत होते तोवर मऊ उजेड येऊन गेलासुद्धा. पण ते घाबरले नाहीत. त्यांनी मुद्दाम चारशे एएसएची फिल्म घातली होती. हा आकडा जितका मोठा तितकी फिल्म तेज, आणि तितक्या कमी उजेडात तिचं भागतं. शिवाय तिसऱ्या पुस्तकात एक युक्ती होती: फिल्म आहे त्याच्या दुप्पट तेज आहे असं कॅमेऱ्याला सांगायचं, आणि नंतर ती धुताना जास्त वेळ द्यायचा. त्यांनी कॅमेऱ्यावरची चकती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवली. मग सगळं शेत यावं म्हणून ते मागं गेले, आणखी मागं गेले, एका बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, चिखलात पाय घालून थांबले आणि फोटो काढला. उरलेल्या फिल्मवर दुसऱ्या दिवशी सकाळी नागपुरातल्या घरी, स्वयंपाकघराच्या अंधारात स्टोव्हला पंप मारत बसलेल्या इंदूबाईंचाही एक फोटो काढला. विचारून नव्हे.

नंदनवनात मारोतरावांचा छोटा फोटो स्टुडिओ होता. गोपाळरावांनी फिल्म तिथं दिली, जास्त वेळ धुवायला सांगितलं, आणि फोटोत चंपतराव लवंगेएवढे आलेले पाहून म्हणाले, "एवढाच भाग मोठा करा. चेहरा ओळखू आला पाहिजे."

चेहरा ओळखू आला. मिशीचा आकडाही ओळखू आला. पण सगळ्या फोटोवर बारीक काळे ठिपके होते, कोणीतरी वरून मोहरी भुरभुरल्यासारखे. धानावर होतेच, धोतरावर होते, आकाशात होते आणि चंपतरावांच्या गालावरही होते.

गोपाळरावांनी दोन प्रती पाकिटात घातल्या. सोबतच्या चिठ्ठीत ठिपक्यांबद्दल दोन परिच्छेद लिहिले. मग वाटलं, आपण स्वतःहून दोष कशाला दाखवावा? ते खोडले. मग वाटलं, लपवलं असं होईल. पुन्हा लिहिले. पुन्हा खोडले. शेवटी चिठ्ठीत 'फोटो पाठवीत आहे, गोड मानून घ्यावा' एवढंच उरलं, आणि तेच गेलं.

चार दिवसांनी ते पत्र आलं.

'भाऊजींना चंपतचा नमस्कार. फोटो अर्जाच्या शेवटल्या दिवशी पोचला. एक प्रत धावत जाऊन अर्जाले लावली. दुसरी घरी पाहिली तर धानावर बारीक ठिपके दिसून राहिले. देवाजीनं पाहिलं, तो म्हणते तुडतुडे आहेत. शेतात जाऊन पाहिलं तर मले एकही दिसत नाही. तुडतुडे असतील तर पाणी काढून पावडर मारा लागते, अन् पावडर मारलेलं धान समिती स्पर्धेत घेत नाही. नाही मारली अन् ते असतील तर आठ दिवसांत धान जळून जाईल. ते ठिपके किड्याचे आहेत का कॅमेऱ्याचे आहेत तेवढं परतीच्या टपालानं कळवा. तुम्ही सांगाल तसंच करतो.'

गोपाळरावांनी चष्मा पुसला आणि कोरं कार्ड पुढं ओढलं. ठिपके फिल्मचे, हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्या पुस्तकात दाण्यांवर, म्हणजे फिल्मवरच्या बारीक कणांवर, एक आख्खं प्रकरण होतं: तेज फिल्म, अपुरा उजेड, जास्त धुलाई आणि मोठा केलेला फोटो या चारांपैकी एकानंही दाणा दिसू लागतो. त्यांनी चारही केलं होतं.

'ठिपके फिल्मचे' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.

'तुम्ही सांगाल तसंच करतो' हे वाक्य त्यांना छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटू लागलं. एका माणसाचं सगळं धान आपल्या एका शब्दावर उभं, आणि आपण कोण? नऊ फोटोंचा, आता अकरा, माणूस.

ते जुन्या शाळेत गेले आणि धानावरच्या किडींचं पुस्तक काढून आणलं. त्यात तुडतुड्याचं चित्र होतं. तिळाएवढा किडा, धानाच्या बुंध्याशी बसून रस पिणारा, आणि बुंध्याशी असल्यामुळे वरून सहसा न दिसणारा. हे शेवटचे शब्द त्यांनी तीन वेळा वाचले. मग भिंग घेऊन फोटो पाहिला. पहिल्या दिवशी ठिपकेच होते. दुसऱ्या दिवशी काही ठिपके लांबट वाटले. तिसऱ्या दिवशी एकाला पाय दिसले.

चौथ्या दिवशी ते फोटो घेऊन मारोतरावांकडे गेले.

"मारोतराव, हे ठिपके कशाचे?"

"फिल्मचा दाणा आहे, सर. तेज फिल्म, उजेड नाही, वरून तुम्ही म्हटलं जास्त धुवा, अन् एवढूशा माणसाले ताटाएवढा केला. मग काय येईल?"

"म्हणजे हे किडे नाहीत?"

मारोतरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही."

"नक्की?"

"नक्की. वीस साल झाले मले."

"म्हणजे धानावर किडे नाहीत."

मारोतरावांनी फोटो परत दिला. "ते मी कसं सांगू, सर? मी फोटोवाला आहो. फोटोत किडे नाहीत. शेतात असतील तं असतील."

झालं. गोपाळरावांना नेमकी हीच भीती होती, आणि ती दुसऱ्याच्या तोंडून, वीस वर्षांच्या अनुभवानिशी ऐकल्यावर ते कार्ड पुढं सरकेना. ठिपके किड्यांचे नाहीत असं लिहावं तर चंपतराव निर्धास्त होणार, आणि ठिपक्यांशी संबंध नसलेले खरे तुडतुडे बुंध्याशी बसलेलेच असले तर? म्हणून त्यांनी सविस्तर लिहायचं ठरवलं. कार्डाची जागा फुलस्केप कागदानं घेतली. पहिल्या दोन पानांत फिल्म कशी बनते, पुढच्या तिनांत तुडतुड्याचा जीवनक्रम, आणि शेवटच्या दोनांत पहिल्या पाच पानांवरून काय निष्कर्ष काढता येत नाही ते.

इंदूबाईंनी सात पानं हातात धरून पाहिली. "हे वाचेपर्यंत चंपत धान कापून भात रांधून जेवून घेईल. कार्डावर लिहा नं जी, काही नाही, बिनघोर राहा."

"आणि असले तर?"

"कोण?"

"तुडतुडे."

"मग आहेत म्हणून लिहा."

"आणि नसले तर?"

इंदूबाई उठून आत गेल्या. दसरा आला आणि गेला. सात पानांची नऊ झाली.

ऑक्टोबर संपता संपता चंपतरावांचं दुसरं कार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या: 'समिती सोमवारी येऊन राहिली. तुमचं उत्तर नाही आलं म्हणून मी काहीच केलं नाही, थांबलो आहो.'

गोपाळरावांनी कार्ड इंदूबाईंपुढं धरलं. इंदूबाईंनी कार्ड वाचून लुगड्याची घडी केली आणि पिशवी भरली. "चला. लिहिता येत नाही तं तोंडानं सांगा."

सोमवारी सकाळी दोघं शेतावर पोचली तेव्हा गोपाळरावांना आधी वाटलं आपला चष्मा धुरकटला. धुऱ्याच्या अलीकडे चंपतरावांचं धान सोन्यासारखं डोलत होतं. पलीकडे देवाजींचं शेत पांढरंफट्ट. बांधीतलं पाणी काढलेलं, धान बांबूनं दुभंगून भांग पाडल्यासारखे पट्टे केलेले, आणि सगळ्यावर पावडर.

"हे काय?" गोपाळरावांनी विचारलं.

"तुमचा फोटो, भाऊजी," चंपतराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. "देवाजीनं पाहिला अन् म्हणे, तुडतुड्याले धुरा समजत नाही, आज तुह्या बांधीत तं उद्या माह्या. मी म्हटलं, गा, डोळ्यानं तं दिसत नाही. तो म्हणे, डॉक्टर एक्स-रे काढते तं आतलं हाड दिसते, डोळ्यानं दिसते काय? मशीनले दिसते ते माणसाले दिसत नाही. हे मले पटलं. पण मी म्हटलं, भाऊजीचं पत्र आल्याबिगर हात लावत नाही. त्यानं नाही वाट पाहिली."

गोपाळरावांनी पलीकडे पाहिलं. पांढऱ्या शेताच्या कडेला देवाजी उभे होते, दोन पंप पायाशी ठेवून.

"राम राम, पाहुणे," देवाजी म्हणाले. "तुमचा कॅमेरा चांगला आहे. माह्यं धान वाचलं."

गोपाळरावांना धुरा फाटून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं झालं. खरं सांगावं तर देवाजींचं धान वाचलं नव्हतं, उगाच स्पर्धेतून बाद झालं होतं. न सांगावं तर आपण आलो कशाला? ते तोंड उघडणार तोच समितीची जीप आली.

समितीत तिघं होते. शेतीखात्यातले एक साहेब आणि दोन जुने शेतकरी. ते धानात शिरले, लोंब्या हातात घेऊन मोजल्या, बुंध्याशी वाकून पाहिलं, चिखल हुंगला. साहेब खुशीत बाहेर आले. "पीक उत्तम. रोग नाही, कीड नाही. पहिला नंबर द्यायला हरकत नाही." मग त्यांनी फाईल उघडली, अर्जाला लावलेला फोटो पाहिला आणि त्यांची खुशी गेली.

"हा फोटो कोणत्या शेताचा आहे?"

"याच शेताचा जी," चंपतराव म्हणाले.

"यात तर कीड दिसते आहे. शेतात नाही. फोटो दुसऱ्याच शेतात काढलात की काय?"

चंपतरावांचा चेहरा उतरला. पिढीजात जमिनीत उभं राहून ती आपली आहे हे सांगायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. तेव्हा गोपाळराव पुढं झाले. किती पुढं झाले हे त्यांना कळलं नाही, कारण एक पाय बांधीत गेला.

"साहेब, ते किडे नाहीत. फिल्मचे दाणे आहेत. मी... फोटो मी काढला आहे."

"दाणे कुठले?" देवाजी मध्ये पडले. त्यांच्या बाजूनं त्यांचं बरोबर होतं. ठिपके किड्यांचे ठरले तर देवाजी सावध शेतकरी ठरत होते; फिल्मचे ठरले तर आपलं हातचं धान एका फोटोपायी पांढरं करणारा माणूस. "साहेब, तुडतुडे आहेत ते. सोळा साल झाले मी पाहून राहिलो."

"पण हे आकाशातही आहेत," साहेब म्हणाले.

"उडून राहिले नं."

"आणि यांच्या धोतरावर?"

"पांढऱ्या कपड्यावर किडा बसतेच."

"गालावर?"

"बसला असंल."

"मले समजलं नसतं काय गा, गालावर बसला तं?" चंपतराव म्हणाले.

"धानाचा किडा माणसाले चावत नाही. समजंल कसा?"

समितीतल्या दोघा जुन्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. मग धोतरावर किडा बसतो की नाही यावर त्या दोघांचंच जुंपलं. एक म्हणाला खळ असलेल्या धोतरावर बसत नाही. चंपतरावांनी धोतराला खळ नव्हती असं सांगितलं, आणि ते कोणाच्या बाजूनं सांगितलं हे त्यांचं त्यांनाही कळेना. गोपाळरावांना तर देवाजींचं प्रत्येक उत्तर बरोबर वाटत होतं. क्षणभर त्यांना वाटलं, आपलंच काही चुकत असेल.

मग त्यांना खिशातल्या फोटोची आठवण झाली. भर सभेत पुरावा मांडणारा वकील जसा कागद काढतो तसा त्यांनी तो काढला.

"हा त्याच फिल्मवरचा दुसरा फोटो. नंदनवनातल्या स्वयंपाकघरात काढला आहे. तिथं धान नाही. तरी पाहा, हिच्या कपाळावर, नाकावर, सगळीकडे तेच ठिपके आहेत."

साहेबांनी फोटो पाहिला. त्यात एक बाई केस सुटलेले, दात आवळलेले, भांडायला उठल्यासारख्या आवेशात स्टोव्हला पंप मारत होती. साहेबांनी मान वर करून इंदूबाईंकडे पाहिलं. मग फोटोकडे. मग पुन्हा इंदूबाईंकडे. दोघे जुने शेतकरीही वाकले. धुऱ्यावर जमलेली माणसं वाकली. फोटो हातोहात फिरला.

"हा कधी काढला जी तुम्ही?" इंदूबाईंनी अगदी हळू विचारलं. त्या एवढ्या हळू बोलल्या की गोपाळरावांना पुढचे आठ दिवस स्पष्ट दिसले.

"तुमच्या पिशवीतून नागपूरले गेले असतील तुडतुडे," देवाजी म्हणाले, पण आता त्यांच्या आवाजात पहिला जोर नव्हता. त्यांनी फोटो परत पाहिला, इंदूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चेहरा स्वच्छ होता. मग त्यांनी आपल्या पांढऱ्या शेताकडे पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे मी पावडर कशाले मारली?"

चंपतराव धुरा ओलांडून पलीकडे गेले आणि देवाजींशेजारी उभे राहिले. "माह्याचमुळं झालं गा. मी फोटो दाखवला."

"दाखवला तं दाखवला. भ्यालो तं मी नं."

साहेबांनी फाईल मिटली. "मला पटलं. फोटोत दोष आहे, पिकात नाही. पण जिल्ह्याला शेत जात नाही, फाईल जाते. फाईलीत फोटो ठिपक्यांचा आणि रकान्यात लिहायचं 'कीड नाही'. वरचे विचारतील. फोटो आता बदलता येत नाही, अर्जाची तारीख गेली. फोटो काढणाऱ्याचा लेखी खुलासा लागेल."

"लेखी?" गोपाळरावांनी बांधीतला पाय बाहेर काढला. "मी तोंडी सांगितलं ना."

"तोंडी फाईलीला लावता येत नाही. आणि इथं बसून लिहून देऊ नका. अर्जदाराच्या घरी चहा पिऊन लिहिलं असं होईल. टपालानं येऊ द्या, नागपूरच्या शिक्क्यासह. यांनी तुम्हाला कधी विचारलं होतं का लेखी?"

"विचारलं होतं जी," चंपतराव म्हणाले. "तीन हप्ते झाले."

"मग उत्तर कुठं आहे?"

सगळ्यांनी गोपाळरावांकडे पाहिलं. धान वाऱ्यावर सळसळत होतं. गोपाळरावांना तेवढीच हालचाल सोयीची वाटली म्हणून ते धानाकडे पाहत राहिले.

"तेच उत्तर आमच्या कुहीच्या कचेरीत पाठवा," साहेब म्हणाले. "शनिवारपर्यंत पोचलं तर पहिला नंबर यांचा. नाही पोचलं तर अर्ज बाद."

परतीच्या बसमध्ये इंदूबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या. घरी आल्यावर त्यांनी नऊ फुलस्केप पानं उचलली आणि मसाल्याच्या डब्यांखाली फळीवर अंथरली. मग कोरं कार्ड आणि पेन गोपाळरावांपुढं ठेवलं.

"लिहा. ठिपके फिल्मचे आहेत."

त्यांनी लिहिलं.

"धानावर तुडतुडे नाहीत."

"ते मला कसं..."

"तीन माणसांनी वाकून पाहिलं. तुमच्यादेखत. मी स्टोव्ह पेटवून राहिली आहे, त्याचा फोटो काढाचा नाही. लिहा."

त्यांनी लिहिलं. खाली सही केली. अख्ख्या कार्डावर दोन ओळी. बाकी कार्ड कोरं. एवढं कमी त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

चौकातल्या पेटीपर्यंत ते स्वतः गेले. कार्ड अर्धं आत घालून थांबले, पत्ता पुन्हा वाचला आणि सोडलं. ते तळाशी पडल्याचा बारीक आवाज आला. गोपाळरावांना हलकं वाटलं. चंपतरावांच्या ओसरीत लटकणारं सर्टिफिकीट त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. दोन पावलं ते असे हलके चालले.

तिसऱ्या पावलाला त्यांना आठवलं की समितीच्या लोकांनी धान तीन बाजूंनी पाहिलं होतं. विहिरीकडची चौथी बाजू कोणीच पाहिली नव्हती.

ते परत फिरून पेटीपाशी उभे राहिले. पाऊण तास उभे राहिले. साडेचारला पोस्टमन सायकलवर आला, त्यानं पेटी उघडली आणि टपाल थैलीत ओतलं.

"भाऊ," गोपाळराव म्हणाले, "त्यात माझं एक कार्ड आहे. जरा काढून देता का?"

"नाही जी. पेटीत पडलं का ते टपालखात्याचं. आता ज्याच्या नावाचं आहे त्यालेच भेटते."

"परत नको मला. एकच शब्द घालायचा राहिला."

"कोणता?"

"बहुधा."

पोस्टमननं थैलीचं तोंड बांधलं, पेटीला कुलूप लावलं आणि सायकलवर बसला. "तो दुसऱ्या कार्डावर लिहा, बाबा. हे उद्या कुहीले पोचते."

सायकल दिसेनाशी होईपर्यंत गोपाळराव तिथं उभे होते. मग ते घराकडे वळले. दुसरं कार्ड घरात नव्हतं, वाटेतली टपाल कचेरी पाच वाजता बंद होत होती, आणि त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ते मुद्दाम सावकाश चालले.